उद्या सर

आमच्या मुखेडच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी कुठल्याच गोष्टीचा शेवट त्याच दिवशी सांगितला नाही. इंग्रजी कादंबरीचा विकास हा त्यांचा पेपर. तासाची घंटा व्हायच्या बेताला त्यांच्या गोष्टीतली घोडागाडी नेमकी कुणाच्या तरी दाराशी थांबायची, पडदा हलायचा, आणि सर खडू ठेवून म्हणायचे, "उद्या." आम्ही त्यांना उद्या सरच म्हणायचो.

"तिकडं कादंबऱ्या मासिकातून हप्त्याहप्त्यानं यायच्या," ते सांगायचे. "लोक पुढच्या अंकाची वाट बघायचे. तुम्हीपण बघा." खरी गोम अशी, की सोयाबीनची सुगी आली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. सरांना पोरं परत यायला हवी होती.

साहित्यातले वाद शिकवायचे तेही असेच, घरातले दाखले देऊन. "वास्तववाद म्हणजे काय? भाकरी करपली तर करपली म्हणून लिहायचं. चंद्रासारखी दिसली म्हणणारे ते रोमँटिकवाले." संज्ञाप्रवाहाला त्यांची एसटी ठरलेली. "नांदेडच्या गाडीत खिडकीला बसा. विष्णुपुरी येईपर्यंत डोक्यात जे जे येतं, ते तसंच कागदावर उतरवा." मी परीक्षेत हेच लिहिलं आणि बरे मार्क पडले.

बीएच्या शेवटच्या वर्षाला आईनं मला घरी बसवायचं ठरवलं. "लई झालं शिकणं. कापणीला माणूस मिळंना, अन् तू तिकडं काय करून राहिलीस?" मी रडले, भांडले, पण आईपुढे कुणाचं चालतंय! सकाळी विळा घेऊन तिच्या शेजारी बसले आणि रागारागानं सरांची कादंबरी सांगत सुटले. दोन पोरक्या बहिणी. धाकटी घर सोडून गेलेली, ती कैक वर्षांनी दाराशी आलेली. आत थोरली कडीवर हात ठेवून उभी.

आईचा विळा थांबला. "मग? उघडलं का दार?"

"काय माहीत. सर उद्या म्हणाले."

"आगं मग जा की उद्या, इचारून ये!"

गेले, आणि जातच राहिले. सरही पक्के! "धाकटीला उभं राहू द्या जरा," म्हणून दुसरीच कादंबरी काढली. आई रोज विचारायची, मी रोज कॉलेजात जायचे. असं करत माझं बीए झालं. सर निवृत्त होऊन नांदेडला गेले, धाकटी मात्र दारातच राहिली. मी ती कादंबरी पुढं स्वतः वाचली, पण आई मला सांगू देईना. "तुझ्या तोंडून चव येत न्हाई. मी सरांनाच इचारीन."

आता मी मुरुडला शिकवते. यंदा पोळ्याच्या सुमाराला कळलं, सर नांदेडला दवाखान्यात आहेत. आई हट्टानं सोबत आली. सर पार वाळले होते. आईनं पदर सावरला आणि सरळ विचारलं, "सर, थोरलीनं दार उघडलं का हो?"

सर हसले. "उघडलं, बाई. लई वेळ लावला, पण उघडलं." मग धाप लागली की थांबत, त्यांनी दोघी बहिणींचं पुढचं सगळं सांगितलं. पार शेवटापर्यंत. आई खाटेशी बसून ऐकत होती.

बाहेर पायऱ्यांवर आली आणि हमसून रडायला लागली.

"अगं, गोष्ट तर गोड झाली," मी म्हणाले. "रडतेस कशाला?"

"आज सर उद्या म्हणले न्हाईत गं."