नानांच्या तबकडीची नऊ भोकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — ते होणार नाही, ठाऊक आहे मला.

माझा धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. नाशिकच्या भांडीबाजारात बसायचो. लग्नसराईत चांदवड-घोटीपासून माणसं यायची आणि मी ठिपके ठोकत त्यांची नावं घालायचो — मामांकडून, आत्याकडून, सप्रेम भेट. आयुष्य दुसऱ्यांची नावं घालण्यात गेलं. एवढं ध्यानात ठेवा.

शेजारच्या गल्लीत नाना टीव्ही दुरुस्त करायचे. नव्वदच्या दशकात गच्च्यांवर केबलवाल्यांच्या छत्र्या उगवल्या, आणि या माणसाला वेड लागलं ते जगातल्या पहिल्यावहिल्या टीव्हीचं! कुणा परदेशी माणसाने म्हणे बिस्किटाचा डबा, विणायच्या सुया असल्या भंगारातून तो बनवला होता. भोकं पाडलेली तबकडी गरगर फिरते, एकेक भोक चेहऱ्याची एकेक रेघ उचलतं, दुसऱ्या टोकाला त्या रेघांचा पुन्हा चेहरा होतो. लोक हसले तरी तो माणूस हटला नाही, हे नाना मला दहादा सांगायचे.

तसाच टीव्ही नानांनी बनवायला घेतला. तबकडीला तीस भोकं, शंखासारखी आत वळत जाणारी. ती कुणी पाडली? मी. आठ महिने, रोज संध्याकाळी दुकान आवरून. पहिली तबकडी फिरली आणि काचेवर नानांच्या घरच्या गौरीचा मुखवटा उमटला — लालसर, थरथरता. आम्ही दोघंही रडलो हो. खोटं कशाला सांगू?

मग पंचवटीतल्या एका शाळेत प्रदर्शन ठरलं. नानांनी मोठ्या तबकडीचं नवं गणित मांडलं, पत्रा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बबन, मधोमध माझं नाव घाल. ठळक."

आणि माझं? — विचारलंसुद्धा नाही. मी नुसतं "हो नाना" म्हणालो. पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. डोळे माझे फुटले आणि नाव यांचं? थांबा म्हटलं, जिरवतोच.

नाव सुरेख घातलं. भोकं मात्र — तीसपैकी नऊ मी सुईच्या टोकाएवढी सरकवली. मुद्दाम. मोजूनमापून. आणि तबकडी दिली ती थेट प्रदर्शनाच्या सकाळी, तपासायला वेळच मिळू नये म्हणून.

सभागृह भरलं होतं. तबकडी फिरली आणि गौरीच्या चेहऱ्याच्या चिंध्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "याच्यापेक्षा आमच्या टीव्हीतल्या मुंग्या बऱ्या!" हशा पिकला. नाना घामाघूम. मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणत होतो — जिरली! किती गोड लागलं ते, काय सांगू?

मग नाना पुढे आले. म्हणाले, "तबकडी आमच्या बबनने केलीय. त्याच्या हाताला चूक नाही. गणित माझं चुकलं."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा उठून बोलता आलं असतं. मी मान डोलावली.

त्यानंतर दहा वर्षं नाना ते गणित तपासत राहिले. वह्यांवर वह्या. जुनी चालते मग ही का नाही, असं मलाच विचारायचे. नवी करू म्हटलं तर म्हणायचे, आधी माझी चूक सापडू दे. ती सापडणार कशी? मी समोर बसून त्यांच्याच घरचा चहा प्यायचो. आणि राग — तो तेव्हाही पुरता गेला नव्हता.

नाना गेले. पंधराव्या दिवशी त्यांची मुलगी तबकडी घेऊन दुकानात आली. म्हणाली, "काका, ही तुम्हाला द्यायची, असं बाबांनी सांगितलं होतं." मधोमध मी घातलेलं त्यांचं ठळक नाव. आणि त्याच्याखाली खिळ्याने, म्हाताऱ्या हाताने ठोकलेल्या वेड्यावाकड्या ठिपक्यांत — बबन.

तिलाही मी काही बोललो नाही. तबकडी दुकानात आहे. ती नऊ भोकं मला डोळे मिटून दाखवता येतात.