पावणेचार वीत डोकं

आपण केलेला गाढवपणा आपल्याच तोंडानं सांगायला धाडस लागतं, आणि माझ्यात ते चहाच्या दुसऱ्या कपानंतर येतं. तेव्हा ओता अजून अर्धा कप आणि ऐका. सुनंदा आत आहे, तिला हाक मारू नका. ती मध्येच बोलायला लागते आणि माझी उरलीसुरली अब्रू जाते.

मी विणतो. हो, हो, लोकर आणि दोन सुया! हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

लग्नाच्या आधी मी सायकलवरून पडलो आणि महिनाभर पाय प्लास्टरमध्ये. बारामतीत आमच्या शेजारी शहाणे मावशी राहायच्या. रिकामा बसलेला माणूस त्यांना बघवायचा नाही. त्यांनी माझ्या हातात सुया कोंबल्या आणि म्हणाल्या, "दोन सुलटे, दोन उलटे. कर!" पाय महिन्यात बरा झाला, हात मात्र कायमचा बिघडला. आठवडाभर शाळेत कारकुनी करायची आणि शनिवारी दुपारी मावशींच्या गच्चीवर बसायचं. तिथं पाच बायका आणि मी. दसरा झाला की आमचा हंगाम सुरू! लोकरीचे गुंडे, भाजलेल्या शेंगा, आल्याचा चहा आणि कुणाच्या सुनेनं काय केलं याची ताजी खबर. दिवाळीच्या आत कुणाला भावाचा स्वेटर पुरा करायचा, कुणाला भाच्याचे मोजे. संक्रांतीपर्यंत सुयांना उसंत नसायची.

आता माझं दुखणं सांगतो. माझे सासरे, आबा. कळंबजवळ त्यांची वस्ती. ऊस आहे, आणि बापजाद्यांचा मान म्हणून राखलेली तीसेक मेंढरं आहेत. आमचंही घराणं मेंढरामागचंच. माझे आजोबा कळपामागं चालता चालता लोकर कातायचे, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. पण मी दोन सुया धरल्या तर आबांचं म्हणणं, "बाप्यानं लोकर कातावी. सुया बायकांनी चालवाव्या."

लग्न झालं ते सुनंदाच्या हट्टानं. पण आबांनी मला 'जावईबापू' म्हणून काही हाक मारली नाही. माझ्याशी ते थेट बोलायचेच नाहीत. मी समोर बसलेला, आणि ते सासूबाईंना सांगायचे, "त्यास्नी इचारा, च्या घेणार का." मी सासूबाईंना सांगायचं, "घेतो म्हणावं." तीन हातांवर बसलेल्या माणसाला निरोप!

त्या साली आमचा दिवाळसण होता. मी ठरवलं, आबांना अशी झकास कानटोपी विणून द्यायची की त्यांच्या तोंडून 'जावईबापू' निघालंच पाहिजे. कळंबच्या रानातली पहाटेची थंडी तुम्हाला ठाऊक नाही. दात वाजतात.

दसऱ्याला सुनंदा माहेरी गेली, तेव्हा तिला गुपचूप माप आणायला सांगितलं. जेवणानंतर आबा बाजेवर घोरत असताना तिनं त्यांच्या डोक्याभोवती सुतळी फिरवली, गाठ मारली आणि घेऊन आली.

मी वीत लावून पाहिली. पावणेचार वीत!

मी काय केलं? काही नाही. टाके घातले. सासऱ्याच्या डोक्याविषयी शंका काढणारा जावई तुम्ही पाहिलाय?

गच्चीवर मात्र बायका माझं विणकाम बघून एकमेकींना कोपरं मारायला लागल्या.

"अरे दत्ता," शहाणे मावशी म्हणाल्या, "हे डोकं आहे का धुण्याचं पातेलं?"

"मोठी डोकी आहेत त्यांच्या घराण्यात."

"सुनंदाचं तर एवढंसं आहे."

"ती आईवर गेलीय."

"पुन्हा माप घे. मापाशिवाय टाका घालू नये."

"मावशी, माप अगदी पक्कं आहे!" मी छातीठोक सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

शेवटी सगळ्यांनी हातभार लावला. मोरपंखी टोपी, कानांवर दुहेरी वीण, हनुवटीखाली बांधायला बंद, आणि शेंड्याला मावशींनी स्वतः केलेला लालभडक गोंडा. नारळाएवढा!

पाडव्याला सकाळी कळंबच्या वस्तीवर मी पाटावर बसलो. पाडव्याला आमच्यात मेंढरं ओवाळतात. अंगणात सगळा कळप गेरूचे पट्टे ओढून उभा होता आणि पुढं आबांचा लाडका एडका, फौजदार. एडका म्हणजे मेंढा हो. गळ्यात झेंडूची माळ, वळलेली शिंगं, आणि माझ्याकडे बघणं थेट आबांसारखं.

मी पुडकं पुढं केलं. आबांनी ते सोडलं, टोपी दोन्ही हातांनी वर धरली, आणि ती उघडत गेली, उघडतच गेली. आतून आबांचा चेहरा दिसेना. वस्तीवरची माणसं माना लांब करून बघायला लागली.

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती. माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "अहो... मी पटक्यावरनं माप घेतलं."

"पटका काढला का नाहीस?"

"आबांच्या डोक्यावर पटका नसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! जन्मात पाहिलं नाही मी त्यांना बोडकं!"

आता काय करायचं? खरं सांगावं, तर 'सुयावाल्या जावयाला साधं डोकं मोजता येईना' हे वालचंदनगरपर्यंत जाणार. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आबांनी टोपीच्या तोंडाच्या भोकातून बाहेर पाहिलं. एकदा टोपीकडे, एकदा फौजदाराकडे.

"आरं तिच्या मायला!" आबा ओरडले. "फौजदाराला झूल आणलीया!"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी ती एडक्याला चढवली. भोकातून तोंड आणि दोन्ही शिंगं बाहेर, बंद गळ्याखाली, गोंडा मानेवर. आणि काय सांगू, अंगासरशी बसली! आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजपातूर जावई लोकांनी सासऱ्याला टोप्या दिल्या, धोतरं दिली. जनावराची थंडी कुणाला दिसली न्हाय. ह्यास्नी दिसली!"

थेट माझ्याकडे बघून बोलले! निरोप्याशिवाय! अजून 'जावईबापू' नव्हतं, पण 'ह्यास्नी'पर्यंत गाडी आली होती. अशा वेळी तुम्ही खरं बोलला असतात? मी हात जोडले आणि म्हणालो, "मुकं जनावर. बोलून दाखवत नाही."

सुनंदानं कपाळाला हात लावला.

पुढं ओवाळणी सुरू झाली, पण मेंढ्यांनी आपल्या पुढाऱ्याला ओळखलंच नाही. मोरपंखी तोंडाचं हे कोण जनावर आलं म्हणून सगळा कळप जो उधळला तो शेजारच्या उसात! त्यात टोपी सरकून फौजदाराच्या डोळ्यांवर आली. त्यानं मान खाली घातली आणि अंदाजानं धडक मारली. अंदाज अचूक होता. मी पाटासकट शेणकुटाच्या ढिगात.

"जीव हाय त्याचा तुमच्यावर," आबा म्हणाले.

दोन दिवस कंबरेला शेक घेऊन मी बारामतीला परतलो. गच्चीवर पाचही जणी वाट बघत होत्या.

"काय रे, बसली का टोपी?"

"अगदी मापात!"

खोटं आहे का? सांगा! बसली होतीच की. कुणाला बसली हे त्यांनी विचारलं नाही.

प्रकरण इथंच मिटायचं. पण आठवड्यानं सुनंदा माहेराहून आली ती सुतळ्यांचा जुडगा घेऊन. फौजदाराची झूल बघून आसपासच्या वस्त्यांवरच्या लोकांनी मापं पाठवली होती. एकूण दहा. प्रत्येक सुतळीला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव. मी तो जुडगा लपवायच्या आत मावशी दारात हजर.

"अगं बाई, गावातनं मागणी आली!" त्या चिठ्ठ्या वाचायला लागल्या. "सरपंच. जमादार. पैलवान. अरे, मोठी मोठी माणसं आहेत ही! आपल्या मंडळाचं नाव झालं दत्ता! पण सगळ्यांची डोकी एवढी?"

"कळंबचं पाणी," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

दोन महिने माझ्यासकट सहा जणांच्या बारा सुया चालल्या. सरपंचांसाठी म्हणून भगवी, पैलवानासाठी ताणली तरी न उसवणारी. एका बाईनं तर जमादारांच्या टोपीवर पोलिसी पट्टे काढले. मी खाली मान घालून विणत होतो. खरं सांगतो, लाज वाटत होती. त्या बाया घरचं काम टाकून, डोळे फोडून विणत होत्या आणि मी बोललो नाही.

एवढं मात्र केलं. सासूबाईंना विश्वासात घेऊन आबांच्या उघड्या डोक्याचं खरं माप मागवलं. आंघोळीच्या वेळी तेवढा पटका उतरतो, तेव्हा त्यांनी पाठीमागून दोरा लावला. अडीच वीत! गुपचूप एक करडी टोपी विणून ठेवली. संक्रांतीला देईन, सगळं फिटेल, असा हिशोब.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आम्ही पण येणार. तिळगूळ देऊ, टोप्या डोक्यावर बघू. पुतण्याची जीप सांगितलीय."

"मावशी, रस्ता फार खराब आहे हो."

"जीप आहे."

"माझी कंबर..."

"तू राहा घरी. आम्ही जातो."

गेलो. काय करणार!

वस्तीवर आबांनी बायकांना घोंगड्यावर बसवलं, तिळगूळ घेतला. मावशींनी मान उंच करून इकडं तिकडं पाहिलं.

"आबा, सरपंच दिसत नाहीत?"

"सरपंच? चरतोय की बांधाला."

मावशींचा तिळगूळ हातातच राहिला. "आणि... जमादार?"

"त्यो कालपास्नं कडबा खाईना. पोट फुगलंय."

"पैलवान तरी?"

"त्याला बांधून घातलाय. बायामाणसं आली की अंगावर जातो."

तेवढ्यात धूळ उडाली. सण म्हणून सगळ्या वस्त्यांवरचे एडके आबांच्या अंगणात आणायचं ठरलं होतं. पुढं फौजदार, मागं भगवे सरपंच, पोलिसी पट्ट्यांचे जमादार आणि बाकीचे. ओळीनं आले, आमच्या मंडळासमोर थांबले, आणि एकदमच "बँऽऽ" म्हणाले.

"माझा गोंडा!" शहाणे मावशी किंचाळल्या. "दत्ता! बकऱ्याच्या डोक्यावर माझा गोंडा?"

"एडका म्हना बाई," आबांना राग आला. "बकरा न्हाय."

आता लपवून काय उपयोग होता? मी मधोमध उभा राहिलो आणि सगळं ओकलो. ती टोपी फौजदाराची नव्हती, आबांची होती. माप पटक्यावरून घेतल्यानं चुकलं. मी लाजेपायी आबांशी खोटं बोललो, मावशींशी खोटं बोललो. "आबा, तुम्ही मला एकदा जावईबापू म्हणावं एवढ्यासाठी केलं हो सगळं," असंही तोंडून निघून गेलं. सुनंदा पदरात तोंड लपवून रडतेय का हसतेय ते कळत नव्हतं.

मी करडी टोपी पुढं केली. "ही घ्या. आता माप पक्कं आहे."

आबांनी ती तळहातावर ठेवली. उलटसुलट केली.

"ही कुणाला? कोकराला?"

"तुम्हाला. पटका काढून घालायची."

"पटका काढून?" आबा माझ्याकडे बघतच राहिले. "का? घरात कोण मेलंय का?"

आबा उठले. फौजदाराजवळ गेले. बंद सोडला, टोपी काढली, दोनदा झटकली, आणि पटक्यावरून डोक्यात घातली.

बसली. मापात! कपाळावर वीण, कानावर कान, गोंडा मधोमध. सुतासारखी सरळ!

"मग माप चुकलं कुटं?" आबा म्हणाले. "मला हीच पायजे हुती की! सांगायचं न्हाय व्हय? थंडी पडल्यापास्नं मी कुडकुडतोय आन् त्यो एडका उबंत झोपतोय!"

शहाणे मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की पैलवान बांधलेला होता याचं मला वाईट वाटलं. सुटा असता तर त्यानं मला लवकर संपवलं असतं.

"आन् ही बारकी?" आबांनी ती अडीच वितीची करडी टोपी उचलली आणि सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर ओढून बसवली. बंद स्वतः बांधला. "हं. या, जावईबापू. फौजदाराशेजारी हुबं ऱ्हावा."

जावईबापू! कानावर दुहेरी वीण होती तरी ऐकलं मी. रडू आलं हो, खोटं नाही सांगत. मावशींच्या पुतण्याकडे कॅमेरा होता. त्यानं तिथंच आमचा फोटो काढला. एका बाजूला मी टोपी घालून दात काढतोय, दुसऱ्या बाजूला फौजदार, उघड्या डोक्यानं, गंभीर.

तो फोटो अजून कळंबच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. नवीन पाहुणा आला की बघतो आणि विचारतो, "आबा, ह्यातला शहाणा कोण?"

आबा सुपारी कातरता कातरता सांगतात, "बिनटोपीचा."