परभणीच्या संघाची पंगत

समजा, उद्या तुमच्या घरी कबड्डीचा एक संघ जेवायला येणार आहे. बारा खेळाडू, एक प्रशिक्षक, एक व्यवस्थापक. खोली दहा फूट बाय दहा फूट. स्टोव्ह दोन, त्यातला एक शेजारणीचा. खेळाडू सामना संपल्याशिवाय जेवणार नाहीत, कारण भरल्या पोटी चढाई करता येत नाही. सामना कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नाही. कागदावर अकरा लिहिलेलं असतं आणि दुपारचा एक वाजतो. त्यात जेवायला ज्वारीच्या भाकरी करायच्या आहेत, आणि त्या गरमच वाढायच्या आहेत. माणशी तीन धरल्या तरी बेचाळीस. तर मग पहिली भाकरी तुम्ही किती वाजता तव्यावर टाकाल?

वेणूबाईंनी याचं उत्तर काढलं होतं. घड्याळ न बघता काढलं होतं, आणि ते बरोबर होतं. भाकरीत त्यांची काहीच चूक झाली नाही.

ही गोष्ट १९८३च्या फेब्रुवारीतली. वाशीजवळच्या पावणे गावात तेव्हा कारखाने पुष्कळ झाले होते, पण बाहेरून आलेल्या माणसानं बसून जेवावं अशी जागा नव्हती. कंपन्यांच्या गेटसमोर चहाच्या टपऱ्या होत्या, वडे मिळायचे. वाशीत एक-दोन उडपी होते, पण तिथं चौदा जणांचा संघ नेणार कसा आणि परत कधी आणणार? म्हणून गावच्या क्रीडा मंडळानं पहिल्यापासून एक रीत ठेवली होती. स्पर्धेला आलेला प्रत्येक संघ गावातल्या एकेका घराला वाटून द्यायचा. त्या घरानं त्यांना जेवू घालायचं. आणि एकदा जेवू घातलं की तो संघ त्या घराचा. मग आगरी घरातल्या म्हाताऱ्यासुद्धा मैदानाच्या कडेला बसून रत्नागिरीच्या नाहीतर नाशिकच्या पोरांसाठी घसा बसेपर्यंत ओरडायच्या. पुढं ती पोरं पत्रं पाठवायची. कुणाच्या लग्नात त्या घराला पत्रिका यायची.

वेणूबाई राहायच्या गावाबाहेर, कंपनी रोडच्या पलीकडच्या खोल्यांच्या ओळीत. त्या आणि नवरा गंगाराम बहात्तरच्या दुष्काळानंतर परभणी जिल्ह्यातून आले. आधी खाडीकडच्या भरावावर मातीची पाटी उचलली, मग गंगाराम रंगाच्या कारखान्यात लागले आणि वेणूबाई औषधाच्या बाटल्या धुवायला. गंगारामांचे तळहात कायम पिवळे असायचे. मूल त्यांना झालं नाही. ओळीत सगळी अशीच, कुठून कुठून आलेली माणसं. मीही त्याच ओळीत राहतो, कारखान्यात मीटर दुरुस्त करतो. ही हकिकत मला वेणूबाईंनीच सांगितली, एकदा नाही, बऱ्याचदा.

तीन वर्षं वेणूबाई मंडळाच्या चिटणीसाला, दादूला, म्हणत होत्या, "एखादी टीम आमच्याकडं बी द्या की."

दादू म्हणायचा, "बाय, तुजी खोली केवढी? चौदा मानसं बसतील कुठं, तुज्या डोक्यावर?"

"दोन पंगती करीन."

"नि दुसऱ्या पंगतीची पोरं तवर काय करतील?"

"पहिल्या पंगतीकडं बघत बसतील. आमच्या लगनात मी बी तसंच केलं होतं."

दादू हसायचा आणि जायचा. गावातली घरं संपल्याशिवाय रस्त्याच्या पलीकडे यायची त्याला गरज नव्हती.

त्या वर्षी मात्र तो स्वतः आला. चोवीस संघ येणार होते. त्यात परभणीकडचा एक पहिल्यांदाच येत होता, आणि त्यांच्या पत्रात लिहिलं होतं की आमची बरीच मुलं मासे खात नाहीत. गावात तर घरोघरी माशाचं कालवणच.

"तुज्याकडचीच पोरं हायेत," दादू म्हणाला. "भाकर कर, भाजी कर, काय तुमचा असेल ता. रविवारी दुपारी. जमेल ना?"

वेणूबाई उठून उभ्याच राहिल्या. "न जमायला काय झालं?"

त्या आठवड्यात त्यांनी काय काय केलं ते त्या अजून क्रमानं सांगतात. ज्वारी तुर्भ्याच्या दुकानातून आणली, ती पसंत पडली नाही म्हणून ओळीतल्या एकाच्या गावाकडून आलेली घेतली. येसर केलं. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. तिकडे लग्नकार्यात त्याची आमटी करतात. पावण्याला आल्यापासून दहा वर्षांत त्यांनी ते केलं नव्हतं, कारण दोघांसाठी कोण येसर करतं? ताटं शेजारच्या मैनाकडून आणली. मैना आगरीण, मासे विकायची, तोंडानं सडेतोड.

"भाकर नि वांगी खाऊन कबड्डी खेलतात?" ती म्हणाली. "तरीच यांचा नाव कवा आयकला नाय. सुकट तरी टाक जरा आमटीत, कोनाला कलनार हाय?"

"तू गप बस आन् ताटं मोज."

"मोजली. चौदा. नि एक तुला, रडायला. पोरं निघाली की तू रडनार, मना ठाव हाय."

रविवारी सकाळी आठ वाजता संघ आला. वेणूबाईंना घरात थांबवेना. त्या मैदानावर गेल्या. पोरं पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होती. त्यांचं बोलणं कानावर पडलं, "काहून रे, साबण कुठं ठेवला?" आणि वेणूबाई सांगतात, त्या एका 'काहून'नंच त्यांना भरून आलं. गावाकडचा हा 'का'साठीचा शब्द दहा वर्षांत असा वाऱ्यावर कधी ऐकला नव्हता.

कप्तान उंच होता, वीस-बावीसचा, मनगटाला पट्टी बांधत बसला होता. वेणूबाईंनी त्याला विचारलं. गावाकडं कुणालाही विचारतात तेच विचारलं.

"कुणाचा रे तू, बाबा?"

त्यानं गाव सांगितलं. वेणूबाईंच्या गावाला लागूनच ते गाव. बापाचं नाव सांगितलं, रावसाहेब. स्वतःचं श्यामसुंदर.

"रावसाहेबाचा?" वेणूबाई ओरडल्याच. "अरे, तुमच्या नदीकडच्या मळ्यात मी खुरपायला यायची! मी शिवरामाची वेणू. खालच्या वस्तीतली, ओढ्याच्या पल्याडची. तुझ्या आजीच्या हातची भाकरी खाल्लीय मी, लई वेळा. आज तू माझ्या हातची खा."

हे सगळं त्या एका दमात बोलल्या, पोरांच्या घोळक्यात, मोठ्यानं.

वेणूबाई बौद्ध. तिकडच्या माणसाला शिवरामाचं नाव माहीत नसलं तरी ओढ्याच्या पल्याडची वस्ती म्हटल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. आणि आजीच्या हातची ती भाकरी कशी मिळायची, हेही त्या पोराला माहीत असणार. वरून, पदरात. हाताला हात न लागता. पावण्याला दहा वर्षांत वेणूबाईंना कुणी 'तू कुणाची' असं विचारलंच नव्हतं. गाव विचारायचे, कंपनी कुठली ते विचारायचे. विचारायची आणि सांगायची सवय आत तशीच राहिली होती, पण सांगितल्यावर काय होतं ते विसरायला झालं होतं.

"मग तो काय म्हणाला?" मी विचारलं होतं.

"म्हणला, येतो की मावशी."

"लगेच?"

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पट्टी बांधत होता. हात थांबला का चालूच होता, ते आठवत नाही बघ. मी माझ्याच नादात."

घरी आल्यावर त्यांनी गंगारामांना सगळं सांगितलं, रावसाहेबाचं नावसुद्धा. गंगाराम धुतलेला शर्ट घालून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "वस्ती काहून सांगितलीस?"

"विचारलं तर सांगू नको?"

"त्यानं कुठं विचारलं? तूच विचारलंस."

वेणूबाई चादरी झटकू लागल्या. मैना ताटं पुसत होती. तिनं भिंतीकडं बघितलं. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, हार घातलेला. "घटकाभर आत ठेवतेस काय?" ती हळूच म्हणाली. "पोरं जेवून गेली की परत लाव."

"त्यांनी मला या गावापर्यंत आणलं," वेणूबाई म्हणाल्या, "आन् मी त्यांना पत्र्याच्या पेटीत घालू?"

फोटो जागेवर राहिला. मैनानंच मग उठून हार सरळ केला.

आता भाकरीचं. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. मैदानावरचा लाउडस्पीकर ओळीपर्यंत स्वच्छ ऐकू यायचा. वेणूबाईंनी ठरवलं होतं, परभणीचं नाव पुकारलं की पीठ मळायचं, शिट्टी वाजली की पहिली भाकरी टाकायची. दोन तव्यांवर त्या आणि ओळीतली सखू. सामना संपून पोरं हातपाय धुऊन येईपर्यंत बेचाळीस पूर्ण होतात आणि शेवटची वीसेक तरी चांगली गरम राहतात. मी नंतर हा हिशोब कागदावर मांडून बघितला. दोन-तीन मिनिटांचाही फरक निघाला नाही.

साडेबाराला शिट्टी वाजली. पहिल्या डावात परभणी पुढं होतं, चौदा-अकरा. लाउडस्पीकरवाला नाव घ्यायचा, "श्यामसुंदर चढाईला," आणि वेणूबाईंचा पिठावरचा हात थांबायचा. गुण मिळाला की भाकरीवर जोरात थाप पडायची. सखू म्हणाली, "मावशी, भाकरी फाटंल!" मैना दारात उभी राहून मैदानाच्या दिशेनं ओरडत होती, "धर त्याला, धर त्याची तंगडी!" जणू तिथं ऐकू जाणार होतं. एका दुपारीत तो संघ त्या ओळीचा झाला होता.

दुसऱ्या डावात लाउडस्पीकर म्हणाला, "परभणी संघावर लोण!" म्हणजे सगळेच्या सगळे खेळाडू बाद. मैना दारातून आत आली. तेवीस-अठ्ठावीस. स्पर्धेतून बाहेर.

"हरले तर हरले," वेणूबाई म्हणाल्या. "हरलेल्याला भूक जास्ती लागती." आणि त्यांनी पुढची भाकरी टाकली.

एक वीसला बेचाळीस झाल्या. चादरी अंथरल्या होत्या. पहिल्या पंगतीची सात ताटं मांडली. आमटीला परत एक उकळी आणली. दीड झाला. वेणूबाई दारात, मग ओळीच्या टोकाला, मग रस्त्याच्या कडेला. पावणेदोनला गंगाराम मैदानावर गेले. ते एकटेच परत आले.

"नाहीत तिथं. टेम्पोत बसून गेली म्हणं. मघाशीच."

वेणूबाई स्वतः गेल्या. दादू टेबलापाशी पुढच्या सामन्याची नावं लिहीत होता.

"सांगितला ना मी त्यांना!" तो म्हणाला. "बोट करून दाखवली तुजी ओल. रस्त्यापलीकडं, निली दारं. कप्तान हो बोलला." मग वेणूबाईंकडं बघून त्यानं पेन खाली ठेवलं. "हरली ना पोरं, बाय. वाईट वाटला असेल. तोंड दाखवायला लाजली असतील."

मैदानापासून वेणूबाईंच्या दारापर्यंत चारशे दहा पावलं आहेत. मी मोजली आहेत. रमतगमत चाललं तरी पाच मिनिटं.

दादूनं नंतर तिघा पंचांना जेवायला पाठवलं. ते भले लोक होते. येसराची आमटी त्यांनी वाटीनं प्यायली, पुन्हा मागितली. उरलेलं ओळीनं खाल्लं. वेणूबाईंनी सगळ्यांना आग्रह करून वाढलं, एकालाही काही कळू दिलं नाही. मैना म्हणाली होती तशा त्या रडल्या नाहीत. ताटं घासून, पुसून, मोजून त्यांनी मैनाला परत दिली. मैना आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता घरी गेली.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. परभणीचा संघ पुन्हा आला नाही. दादूनं पुढच्या वर्षी दुसरा संघ देऊ केला, कोल्हापूरचा. वेणूबाईंनी बाटल्यांच्या कंपनीत जादा पाळी असल्याचं सांगितलं. जादा पाळी नव्हती. येसर त्यांनी परत केलं नाही.

गंगाराम अजून म्हणतात, वस्तीचं नाव काढलं तिथंच पंगत उठली. दादू अजून म्हणतो, हरल्याची लाज. दोघांचंही पटतं आणि दोघांचंही खोडता येत नाही. मी वेणूबाईंना म्हटलं, त्या श्यामसुंदरला पत्र लिहू या, गाव माहीत आहे, बापाचं नाव माहीत आहे.

"नको," त्या म्हणाल्या. "उत्तर नाही आलं तर ते आणखी एक न येणं होईल."

मग त्यांनी तांदळाचं सूप पुढं ओढलं. निवडता निवडता बोलल्या, माझ्याकडं न बघता.

"लाजून गेली असली ना, तर ती लेकरं उपाशी गेली. रात्रभराचा प्रवास, वर मारामारीचा खेळ, पोटात काही नाही. आन् दुसऱ्या कारणानं गेली असली, तर वाटंत कुठंतरी थांबून जेवली असतील पोटभर. उपाशी गेली म्हणलं की जीव तुटतो. जेवली म्हणलं तरी तुटतो. कोणतं खरं असावं, ते बी मला ठरवता येत नाही." सुपातला खडा त्यांनी बाहेर फेकला. "तो भेटला तर आला काहून नाहीस, असं नाही इचारणार मी. एवढंच इचारीन, त्या दिवशी तू जेवलास का रे, बाबा?"