नळी नको म्हणणारी आत्या

आमच्या आत्याला स्वतःच्या मरणाबद्दल बोलायला काळवेळ लागत नसे. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढून घेता घेता ती शेजारणीला सांगायची, "मला नेताना ती जांभळी साडी नेसवा बरं का. पांढऱ्यात मी आजारी दिसते." शेजारणीचा घास तोंडातच राहायचा आणि मी मान खाली घालून भात कालवत बसायचे.

तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलं. मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, वाळूजला कंपनीत नोकरी लागली, मग ती आणि मामा, म्हणजे तिचे मालक, पुंडलिकनगरात घर बांधून राहिले. शहरात आली तरी आवाज माळावरचाच. सुनेच्या कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकाला कळायचं.

मामा गेले ते मात्र तिच्या जिवाला लागलं. शेवटी ते व्हेंटिलेटरवर होते. तोंडात नळी, हात पलंगाला बांधलेले. तिला बघून काहीतरी सांगायला धडपडायचे. काय ते कुणालाच कधी कळलं नाही. "जन्मभर माझ्याशी भांडला, अन् जाताना एक शब्द बोलू दिला नाय त्याला," ती म्हणायची. "मेंढरू उठंना झालं की आम्ही त्याला ओढीत नाय. सावलीला ठिवतो, जवळ बसतो. माणसालाच कामून ओढायचं?"

मी बँकेत, म्हणून घराण्यातले सगळे कागद माझ्या गळ्यात. एक दिवस आत्या आली आणि उभ्यानंच म्हणाली, "जगायची आशा नसली तर नळ्या घालू नका, असा कागद करता येतो म्हणं. कर. अन् डॉक्टरला सांगायला तुझं नाव टाक."

"दादा असताना माझं?"

"त्याचं काळीज लोण्याचं. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणला तरी ह्यो नळी घालू देईल. तू दगड हायस. बाप गेला तवा बी रडली नाय."

हे कौतुक होतं म्हणे! मी न्हाणीघरात जाऊन रडले होते, हे हिला काय ठाऊक? मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग तिचाच फोन. "दगडाबाई, आधार कार्ड सापडलं. कधी जायचं?" आता या बाईवर रागवायचं तरी कसं!

क्रांती चौकातल्या एका वकिलीणबाईंकडे गेलो. आत्याला दोन कागद हवे होते, एक मरायच्या आधीचा आणि एक मेल्यानंतरचा. दुसऱ्यात तिनं घर सुनेच्या नावे केलं होतं. "पोराला दिलं तर तो दोस्ताला राहायला देऊन सोता भाड्यानं राहील." आणि साक्षीदार म्हणून कुणाला आणलं? दादाला आणि वहिनीला! आमच्या घराण्यात वाटणी ठरली की ज्याला वाटा मिळतो त्यानंच सगळ्यांसमोर बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची रीत. आत्यानं पदराला भंडाऱ्याची पुडी बांधूनच आणली होती.

वकिलीणबाई म्हणाल्या, "मावशी, जिला घर द्यायचं ती किंवा तिचा नवरा साक्षीला असला, तर उद्या कुणीही त्या कागदावर शंका काढेल."

"व्हय? मंग ज्याचा संबंध नाय त्यानं साक्ष द्यायची? त्याला काय पडलंय?"

"काही पडलेलं नसतं, म्हणूनच."

आत्यानं थोडा विचार केला. "बरोबर हाय. पण लई कोरडं हाय." दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीतले निवृत्त मास्तर आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंना रिक्षात घालून आणलं. दोन्ही कागदांवर सह्या झाल्या, नोटरी झाली. मग त्या दोघांनाही तिनं भंडारा उचलायला लावलाच. वकिलीणबाईंचं टेबल, शिक्के, मास्तरांचा सदरा, सगळं पिवळं! दादा मात्र बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

गेल्या हिवाळ्यात आत्याची फुफ्फुसं थकली. ऑक्सिजनचा मास्क लावून ती ग्लानीत पडलेली. फुफ्फुसं आता सुधारणार नाहीत, नळी घातली तर थोडे दिवस ढकलता येतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी कागद पुढे केला. दवाखान्यानं तो रीतसर तपासला, डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तिला पाहिलं. दादानं माझे दोन्ही हात धरले. "ताई, पाया पडतो. घालू दे नळी. आई हाय माझी."

"नाही," मी म्हणाले. दगड कसला, चिखल झाला होता माझा. दादानं हात झटकले आणि तोंड फिरवलं.

दुपारी आत्यानं डोळे उघडले. मास्क बाजूला ओढला आणि दादाकडे टक लावून बघितलं. "दाढी कर की रे," ती म्हणाली. आवाज पुसट होता, पण दटावणी तीच. "काय अवतार केलाय! लोकं म्हणतील, आई मेली याची." दादा रडता रडता हसला. खाली जाऊन दाढी करून आला. तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

दादा माझ्याशी बोलेना. दहाव्याला सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ गालावरून हात फिरवत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "नळी घातली असती, तर मला रागवायचं राहून गेलं असतं तिचं."