एका हाताने मिटणारी पक्कड

पक्कड, चाकू, पेचकस असं सगळं एकात असलेलं खिशातलं मल्टिटूल एका हाताने उघडतं, हे दुकानदार फार हौसेने दाखवतात. शहागंजातल्या दुकानदारानेही दाखवलं. अंगठा पात्याच्या भोकात घातला, ढकललं, खट्.

"बघा काका, एका हातात!"

"आता त्याच हाताने मिटवा."

तो हसला. "मिटवायला दुसरा हात हाय की, काका."

दुसरा हात कामाचा नसलेल्या माणसासाठी मी ते घेत होतो. चितेगावच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी इलेक्ट्रिशियन, तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर. तीस वर्षांपूर्वी त्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. आता तो गावात पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शिडीवर चढला की हत्यारांचा डबा खाली राहतो. त्याला खिशात मावेल असं काही द्यावं, असं मनात होतं. खरं म्हणजे त्याच्याकडे जायला मला निमित्त हवं होतं. एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती.

मी तीन मल्टिटूल घरी आणली आणि उजवा हात पायजम्याच्या खिशात घालून आठवडाभर सराव केला. पहिल्याची पाती आत दडलेली. आधी पक्कड उलगडायची, मग नखाने पातं ओढायचं. एका हाताचं ते काम नाही. दुसरं स्प्रिंगवर झटकन उघडायचं, पण त्याचं लॉक उजव्या अंगठ्याच्या सोयीचं. डाव्या हाताने मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येतं. दोनदा कापून घेतलं. तिसरं जड. उघडताना अंगठ्याला जोर लागतो, सदऱ्याचा खिसा लोंबतो. पण त्याच्या लॉकची कळ मागच्या बाजूला आहे. ती दाबून पात्याची बोथट कड मांडीवर रेटली की ते मिटतं आणि बोटं शाबूत राहतात. उघडण्याचं कौतुक सगळे करतात, पण मिटण्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. मी जड तेच ठेवलं.

ते घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने ते डाव्या हातात घेऊन चार-पाच वेळा उघडमीट केली.

"उघडणारी लई बघितली. मिटणारं हे पहिलंच. पण वजन किती रे याचं! पँटीला नाडा लावावा लागंल."

वहिनी पाणी घेऊन आल्या होत्या. "जपून द्या भाऊजी. यांचं ध्यान नसतं. एक हात घालवला तसाच."

तीस वर्षं त्या हे हसत म्हणत आल्या आहेत. तोही हसला. "व्हय, कोपर लागलं ना बटनाला."

वहिनी आत गेल्या आणि मी सांगायला सुरुवात केली.

त्या प्रेसला दोन बटनं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे एकही हात आत राहू नये. त्या दिवशी उजवं बटन अडकत होतं. नवं येईपर्यंत काम थांबू नये म्हणून मी पॅनलमध्ये एक तार टाकली आणि ते कायम दाबल्यासारखं करून ठेवलं. त्याला सांगितलं नाही. तो उजव्या हाताने पत्रा सरळ करत होता आणि डावा हात सवयीने दुसऱ्या बटनावर पडला. त्याला जीपमध्ये घालून नेलं, तेव्हा मागे मी तार काढून टाकली. चौकशी नवं बटन बसल्यावर झाली, मशीन ठीक निघाली. "कोपर लागलं असेल," हे मीच सुचवलं.

त्याने मल्टिटूल मिटवून बाजूला ठेवलं.

"कोपर नव्हतंच?"

"नव्हतं."

"मला कधी आठवलंच नाय ते. लई आठवून बघायचो." मग त्याने आत हाक मारली, "इकडं ये जरा. आन् तू, पुन्हा सांग. हिच्यासमोर."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. वहिनींनी मधे फक्त एकदा विचारलं, "तार तुम्हीच काढली?" मी हो म्हटलं. मग त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "उजवं बटन दाबलं नव्हतं, असं तुम्ही मला कधी म्हणला नाय ते?"

"म्हणलो व्हतो. पहिल्या वर्षी. नंतर मलाच खरं वाटंना."

त्या त्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "शिव्या मागून देतो तुला, त्या राहिल्यात. आधी हे लिहून दे, सही करून. पोरींना पाठवायचंय. त्याबी आईसारखंच म्हणतात."

हे तेच लिहिलं आहे. तार मी टाकली आणि मीच काढली. त्याचं लक्ष कामावर होतं, चूक त्याची नव्हती. खाली सही केली आहे.

उद्या आणून देऊ का, असं फोनवर विचारलं. फोन वहिनींनी उचलला होता. म्हणाल्या, "या. पण दोन प्रती आणा, दोघी पोरींना एकेक. आन् जेवायच्या वक्ताला या."