दुसऱ्यांच्या औषधाचं श्रेय

मावशीच्या कॅन्सरवर अँटिबॉडीची इंजेक्शनं सुरू झाली, तेव्हापासून मी वारज्याहून कसब्यात जाऊन तिला हॉस्पिटलात नेत असे. अशीच औषधं बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते. आमच्याकडे स्टीलच्या टाकीत जिवंत पेशी वाढतात आणि अँटिबॉडी तयार करतात. पूर्वी टाकीतला नमुना काढून तपासायला द्यायचा आणि निकालाची वाट बघायची. आता टाकीतच सेन्सर असतो. अँटिबॉडी किती झाली, ते त्या क्षणी स्क्रीनवर दिसतं. मी त्या स्क्रीनसमोर बसते.

मावशीने वॉर्डभर सांगून टाकलं, "हे औषध माझी भाचीच बनवते."

एकदा मावशीला सलाइनमधून औषध लागल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा माझ्याकडे आला. वाशिमकडचा माणूस, चाकणला कारखान्यात कामाला. माझ्याहून वयाने बराच मोठा. काही कळायच्या आत तो माझ्या पायाशी वाकला.

"मॅडम, तुमच्या हातचंच औषध हाय म्हंते हे."

मी दचकून मागे सरले. कानशिलं तापली. "अहो, नका असं करू. हे आमचं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे. आमचं अजून बाजारातही आलेलं नाही."

तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. खरं बोलूनही मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी त्या बाईच बोलल्या, "मंग ताई, तुमी काय करता?"

मी टाकीचं सांगितलं, सेन्सरचं सांगितलं. अवघडले की मी जास्तच बोलते. पेशींचं काही बिनसलं तर लगेच कळतं, मग आम्ही त्यांचं खाणं बदलतो, हवा वाढवतो, असंही सांगून बसले.

त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माह्या आंगात बसवा ना असं यंत्र. औषध लागू पडून राह्यलं का नाही, आताच समजन. डॉक्टर म्हंते, स्कॅनपर्यंत थांबा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी "हो ना" असं काहीतरी पुटपुटले आणि पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले. बाटली भरलेलीच होती.

रिक्षात मावशी म्हणाली, "हरिश्चंद्राच्या घराण्यातली गं तू. मी आता तोंड कुठे लपवू?" पुढच्या खेपेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या खेपेला ते दोघं पुन्हा शेजारीच होते. बाईंचा स्कॅन झाला होता, गाठ लहान झाली होती. नवऱ्याने ते आधी मावशीला सांगितलं. मावशीने त्या बाईंच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी बाईंच्या खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आनंद झाला होता, पण तो दाखवायची मला लाज वाटत होती. बाईंनी पाय आखडून घेतले आणि चादरीवर थाप मारली.

"बसा ना ताई."

मी बसले.