मायच्या बांगडीतला धागा

एम.एस्सी.ला असताना माझा जीव जळायचा तो एकीवरच. भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीतली, माझ्याच बाकावर बसणारी. मैत्रीण म्हणायचं म्हणून म्हणते.

चंद्रपूरच्या कॉलेजात सेमिनार होता. आम्हा दोघींना विषय एकच, उष्णतेनं बिघडलेली प्रथिनं पेशी कशी सोडवते. पहिली येईल ती पुढच्या फेरीला नागपूरला जाणार. त्याआधीच्या सुट्टीत ही बया तलाव पाहायला म्हणून आमच्या गावी आली.

माय ओसरीत मासोळीच्या जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. मी जवळ गेले की म्हणायची, "तू पुस्तक पाय. हाताले वास लागन." आणि हिला? "ये पोरी, बस." दुपारभर दोघी खिदळत होत्या. मी आत एकच पान वाचत होते. निघताना मायनं तिच्या हातात हिरवी बांगडी चढवली, जत्रेतली. मी मागितली तेव्हा म्हणाली होती, "कॉलेजात फुटन." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सेमिनारमध्ये मी घडाघडा बोलले. मग ती उठली. हातातली बांगडी काढली, मायकडून आणलेला जाळ्याच्या दोऱ्याचा गुंता घेतला आणि म्हणाली, "उष्णतेनं प्रथिनांची घडी मोडते, ती एकमेकांना चिकटतात. यीस्टच्या पेशीत त्यासाठी अशी कडी असते. ती प्रथिनाची एक साखळी धरते आणि मधल्या भोकातून थोडी थोडी ओढते. ओढायला ताकद लागते, म्हणून पेशी एटीपीचं इंधन खर्च करते. सुटलेली साखळी मग पुन्हा आपली घडी घालते." दोरा बांगडीतून हळूहळू मोकळा होत होता. सर टाळ्या वाजवत होते. मला दिसत होती फक्त मायची बांगडी. नागपूर गेलं चुलीत!

पहिली तीच आली. मी तडक एसटीनं घरी गेले. माय जाळं घेऊन बसलेलीच होती. समोर बसले आणि एक टोक धरून ओढलं. एटीपी, कडी, साखळी, सगळं मला तोंडपाठ होतं. गुंता आणखीच आवळला. पुन्हा ओढलं. डोळे भरून आले तरी सोडलं नाही.

मायनं माझ्या हातातून टोक काढून घेतलं.

"राहू दे वो, तुले नाई जमन," ती म्हणाली. "ते पोरगी केव्हा येते?"